आरपीजीचे पोटप्रकार नेमके कशावरून ठरवायचे? (टॅग वाचून खेळ विकत घेणाऱ्यांसाठी)

अर्धाकप (धागाकर्ता)

स्टीमवर (खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) कुठल्याही आरपीजीच्या (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र घडवत-वाढवत न्यायचा खेळ) पानावर वीसपर्यंत टॅग असतात आणि त्यातले बरेचसे खेळणाऱ्यांनीच चिकटवलेले असतात. 'टर्न-बेस्ड' (पाळीपाळीने) हा टॅग खेळ कसा चालतो ते सांगतो, 'अ‍ॅनिमे' कसा दिसतो ते, 'जेआरपीजी' (जपानी आरपीजी) कुठल्या गावचा ते आणि 'सोल्सलाइक' कुणाच्या वळणावर गेलाय ते. किराणा दुकानातल्या बरण्यांवर 'डाळ', 'पिवळी', 'लातूरची' आणि 'तुरीसारखी' अशा चिठ्ठ्या लावल्यासारखं आहे हे. एकही चिठ्ठी खोटी नाही, पण वरणाला काय घ्यायचं ते कळत नाही.

म्हणून नावांवरून भांडण्याआधी यंत्रणा तपासू. मी चार प्रश्न काढलेत, खुशाल चिरफाड करा. वार लागला की नाही हे कोण ठरवतं, तुमचा हात की पात्राचा आकडा? घड्याळ कुणाच्या ताब्यात? मेल्यावर काय उरतं? आणि तुमचा हुकूम किती पात्रांवर चालतो, त्यातलं एक गेलं तर त्याची जागा कुणीही घेऊ शकतं का?

उत्तरं खेळाच्या कपाळावर लिहिलेली नसतात, काढावी लागतात. घड्याळासाठी सोपं आहे. लढाई सुरू झाली की कंट्रोलर खाली ठेवा आणि एक मिनिट काही दाबू नका. शत्रू ताटकळत उभा राहिला तर टर्न-बेस्ड, ठोकत सुटला तर नाही. हात की आकडा हे बघायला पहिल्या दोन-तीन लेव्हलचे गुण खर्चच करू नका आणि तशीच एक अवघड लढाई करून बघा. नुसती चुकवाचुकवी करून जिंकता आलं तर हात वरचढ. कितीही चपळाई केली तरी हरत असाल तर आकडा वरचढ.

हे सगळं दोन तासांत बसवा. स्टीमवर परतावा हमखास हवा असेल तर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत, या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. पात्राचं नाक-डोळे कोरण्यात गेलेली चाळीस मिनिटंही त्यात धरली जातात, तेव्हा चाचणीपुरता तयार चेहरा घ्या.

---

रडतराऊत

पहिला प्रश्न बरोबर आहे, पण अर्धवट. मॉरोविंड (२००२) घ्या. फर्स्ट पर्सन खेळ, तलवार तुम्हीच फिरवता, ती खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना डोळ्यांनी दिसते, आणि लागत नाही. कारण आत फासा पडतो.

हिशोब असा: हत्याराचं कौशल्य, अधिक चपळतेचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. ही बेरीज गुणिले (०.७५ + ०.५ × शिल्लक दम ÷ पूर्ण दम). जादूचे परिणाम असतील तर वरून वेगळे. आणि जे येईल त्यातून समोरच्याची चुकवण्याची क्षमता वजा.

आता आकडे घाला. कौशल्य ३५, चपळता ४०, नशीब ४० म्हणजे बेरीज ४७. दम पूर्ण असेल तर ५८.७५, दम संपलेला असेल तर ३५.२५. नवखा माणूस काय करतो? बोटीतून उतरतो, गावातून पळत सुटतो (पळण्याने दम जातो), वाटेत सापडलेलं भारीतलं हत्यार उचलतो, ज्यात त्याचं कौशल्य ५ आहे. बेरीज १७, गुणिले ०.७५, म्हणजे १२.७५. त्यातून खेकड्याची चपळाई वजा. दहा वारांत एखादा लागला तर लागला. मग 'कंट्रोल बिघडलेत' म्हणून नकारात्मक परीक्षण लिहून मोकळा. खरा उपाय एवढाच: लढाईच्या तोंडावर चालत जा, दमाची हिरवी पट्टी भरू द्या, आणि पात्र बनवताना ज्या हत्याराचं कौशल्य निवडलंय तेच हातात धरा.

चार वर्षांनी आलेला त्याच मालिकेतला ऑब्लिव्हियन (२००६) बघा. तिथे तलवार अंगाला टेकली म्हणजे लागली. कौशल्य ठरवतं ते इजा किती झाली एवढंच. दुकानात दोघांनाही 'ओपन वर्ल्ड' आणि 'आरपीजी' हेच टॅग. आतून एक फाशांचा खेळ, दुसरा तलवारीचा.

तेव्हा 'लागला का?' आणि 'किती लागला?' असे दोन प्रश्न करा.

---

अर्धाकप

मान्य. धाग्यात बदल करत नाही, नाहीतर खालचे प्रतिसाद निराधार होतील, पण यापुढे पहिल्या प्रश्नाचे दोन धरू.

---

मॅप_काढणारी

कंट्रोलर खाली ठेवण्याआधी सेटिंग बघा, नाहीतर चाचणी फसते.

फायनल फँटसी ४ (१९९१) पासून आलेल्या एटीबी (अॅक्टिव्ह टाइम बॅटल) पद्धतीत प्रत्येक पात्राची एक पट्टी भरत असते, ती भरली की त्याची पाळी. 'अ‍ॅक्टिव्ह' ठेवलं तर यादीत औषध शोधेपर्यंत शत्रू दोन फटके देऊन जातो. 'वेट' ठेवलं तर जादूची किंवा वस्तूंची यादी उघडी असताना घड्याळ थांबतं. यादी उघडी असतानाच, हे महत्त्वाचं. पहिल्या मेनूवर नुसतं बसून राहिलात तर वेटमध्येही मार बसतो. या खेळांना लोक सर्रास 'टर्न-बेस्ड' म्हणतात, आणि तुमच्या चाचणीत ते नापास होतात. फायनल फँटसी १० (२००१) मध्ये पट्टी जाऊन रांग आली. तिथे कंट्रोलर ठेवून चहा करून या, काही होत नाही.

बाल्डर्स गेट (१९९८) मध्ये याच्या उलट. घड्याळ सतत चालू, पण पॉजचं बटण तुमच्याकडे, आणि आत एडी अँड डीच्या (अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स, कागद-फाशांचा खेळ) दुसऱ्या आवृत्तीचे नियम सहा सेकंदांच्या राउंडमध्ये कोंबलेले. पात्र सारखं तलवार फिरवताना दिसतं, पण राउंडला एक हल्ला असेल तर फासा एकदाच पडतो, बाकीची फिरवाफिरवी शोभेची. थॅको (वार लागण्यासाठीचा तुमचा आकडा) २० आणि समोरच्याचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा) ५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा वर यायला हवेत. बोटांची चलाखी इथे शून्य कामाची. म्हणजे 'रिअल-टाइम' शब्दावरून 'अ‍ॅक्शन' समजू नका. ज्यांना झेपत नाही त्यांनी ऑटो-पॉजमध्ये 'शत्रू दिसताच' आणि 'हत्यार निकामी होताच' हे दोन तरी चालू करावेत. दुसरा विशेषतः, कारण त्या खेळात खराब लोखंडाची हत्यारं ऐन लढाईत तुटतात आणि पात्र मुठी आवळून अस्वलापुढे उभं राहतं.

अजून एक पेच. पिलर्स ऑफ इटर्निटी २ (२०१८) आला तेव्हा पॉजवाला होता, जानेवारी २०१९ मध्ये अपडेटने टर्न-बेस्ड मोडही मिळाला. दोन्ही टॅग खरे. पण घड्याळ बदललं की बिल्डची (पात्राच्या कौशल्यं-हत्यारांच्या मांडणीची) किंमत बदलते: भरभर वार करणारं पात्र पॉजवाल्या मोडमध्ये जास्त वार करतं, टर्नमध्ये त्याला फक्त पाळी लवकर मिळते. एका मोडसाठी लिहिलेलं बिल्ड दुसऱ्यात वापरून आपटणारे बरेच. टॅगबरोबर मोड लिहिलाच पाहिजे.

---

टोपणनाव_सापडेना

आता 'जेआरपीजी'कडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. या एका शब्दाचे तीन अर्थ चालतात: जपानमध्ये बनलेला, ड्रॅगन क्वेस्टच्या घराण्यातला, आणि मोठ्या डोळ्यांच्या चित्रांचा. तिन्ही एकत्र जुळले तर वाद होत नाही. एकही निसटला की होतो.

ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) करताना युजी होरी यांच्यासमोर विझर्ड्री आणि अल्टिमा होते. दोन्ही १९८१ चे, दोन्ही अमेरिकन. समोरासमोरची लढाईची चौकट एकातून, वरून दिसणारा नकाशा दुसऱ्यातून. म्हणजे 'जपानी' म्हणून ओळखला जाणारा साचाच मुळात अमेरिकन खेळांतून उचलून सोपा केलेला, फॅमिकॉमच्या (निंटेंडोचा जुना कन्सोल) दोन बटणांत बसवलेला. डार्क सोल्स जपानी, ड्रॅगन्स डॉग्मा जपानी, पण त्यांना पटकन कुणी जेआरपीजी म्हणत नाही. उलट सी ऑफ स्टार्स (२०२३) क्वेबेकचा, एक्सपिडिशन ३३ (२०२५) फ्रान्समधल्या माँपेलिएचा, आणि दोघांच्या चर्चेत हा शब्द दर दुसऱ्या वाक्यात. जपानात यांना नुसतं 'आरपीजी' म्हणतात. फायनल फँटसी १६ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा त्यांना तो भेदभावाचा वाटला.

तर काय लिहावं? जे म्हणायचंय ते. 'नायक लेखकाने ठरवलेला, पार्टी (सोबतची पात्रं) ठरलेली, लढाईसाठी पडदा वेगळा.' यातला पहिला मुद्दा सर्वांत उपयोगी. स्वतःचं पात्र घडवायची हौस असलेल्या माणसाला ठरलेला नायक मिळाला की तो वैतागतो, मग खेळ जपानचा असो की जळगावचा.

---

रडतराऊत

तत्त्वतः सहमत, व्यवहारात नाही. 'पुरणपोळी' म्हटल्यावर कुणी साहित्य वाचून दाखवत नाही. जेआरपीजी म्हटलं की दहा शब्द वाचतात.

---

टोपणनाव_सापडेना

खापरावरची की तव्यावरची हे तरी विचारता ना? तेवढंच म्हणतोय.

---

गडकिल्ला

'मेल्यावर काय उरतं?' हा प्रश्न आलाय, तर रोगलाइकबद्दल सविस्तर लिहितो. इथे लोक 'पर्माडेथ (मेलं ते कायमचं) असला की रोगलाइक' म्हणून मोकळे होतात.

मूळ 'रोग' (Rogue) हा खेळ १९८० चा. युनिक्सच्या टर्मिनलवर अक्षरांनी काढलेलं तळघर, सव्विसाव्या मजल्यावर येंडोरचं ताईत, ते घेऊन परत वर यायचं. २००८ मध्ये बर्लिनला रोगलाइक बनवणाऱ्यांची परिषद भरली, तिथे व्याख्येचा मसुदा निघाला: नऊ जड मुद्दे, सहा हलके. जड मुद्द्यांत दरवेळी नवा नकाशा, कायमचा मृत्यू, टर्न-बेस्ड, चौकटींची ग्रिड, सगळी कामं एकाच पडद्यावर, एक अडचण सोडवायचे अनेक मार्ग, मोजकी साधनसामग्री, राक्षस मारत सुटणं, आणि शोध. हलक्यांत अक्षरांची चित्रं, एकच पात्र, तळघरं, उघडे आकडे वगैरे. त्या मसुद्यातच लिहिलंय की दोन-चार मुद्दे नसले म्हणून खेळ रोगलाइक नाही असं होत नाही. हे वाक्य न वाचता लोक त्याच मसुद्याने एकमेकांना झोडपतात.

पण मुद्दे मोजण्यापेक्षा ते एकमेकांत कसे अडकलेत ते बघा. नेटहॅक या जुन्या रोगलाइकमध्ये औषधांचे रंग दर खेळाला नव्याने वाटले जातात. मागच्या खेळात माणकाच्या रंगाचं औषध गुणकारी होतं, यावेळी तेच तुम्हाला आंधळं करेल. म्हणून प्यावं की न प्यावं हा खरा निर्णय होतो. आता इथे सेव्ह परत उघडायची मुभा द्या. सगळी औषधं पिऊन बघायची, रंग लिहून घ्यायचे, सेव्ह पुन्हा उघडायची. ओळख पटवण्याचा आख्खा भाग मेला. म्हणूनच सेव्ह उघडल्याबरोबर फाइल पुसली जाते. भुकेचंही तसंच. भूक नसती तर प्रत्येक मजल्यावर जखमा भरेपर्यंत बसून राहणं हीच उत्तम चाल ठरली असती. अन्न संपत येतं म्हणून खाली उतरावं लागतं. एक खिळा काढला की बाकीचे ढिले पडतात, आणि रोगलाइकची नक्कल करताना बहुतेक जण नेमका एखादा खिळा विसरतात.

आता 'रोगलाइट'. रोग लेगसी (२०१३) मध्ये मेल्यावर सोनं वारसाकडे जातं, त्यातून वाड्याची खोली बांधायची, ती खोली पुढच्या सगळ्या वारसांना आयुष्य किंवा ताकद देते. उरलेलं सोनं किल्ल्याच्या दारात केरॉन काढून घेतो, त्यामुळे साठवून मोठी खरेदी करता येत नाही. हेडीज (२०२०) मध्ये आरशात 'अंधार' नावाचं चलन ओतून कायमच्या शक्ती घ्यायच्या. त्यातच 'गॉड मोड' चालू केला तर इजा सुरुवातीला २० टक्के कमी, दर मृत्यूला आणखी २ टक्के, ८० पर्यंत. इथे मरणं हीच कमाई.

चाचणी: कोरी सेव्ह आणि वीस वेळा मेलेली सेव्ह शेजारी ठेवा. पहिल्या खोलीतल्या पहिल्या शत्रूला किती फटके लागतात ते मोजा. सारखे लागले तर तुम्ही शिकलात, कमी लागले तर पात्र वाढलं. दुसरं असेल तर रोगलाइट.

मधले प्रकारही आहेत. स्ले द स्पायर (२०१९) मध्ये खेळत राहिलं की नवे पत्ते आणि रेलिक उघडतात, पण ते गठ्ठ्यात मिसळतात, सुरुवातीचं बळ वाढवत नाहीत. रुंदी वाढते, उंची नाही. आणि नेटहॅकची 'बोन्स' फाइल ही गंमत वेगळीच: तुम्ही मेलात तो मजला जसाच्या तसा राहू शकतो आणि पुढच्या खेळात तुमच्याच भुताला मारून तुमचंच सामान घ्यायचं, ज्यातलं बरंच शापित झालेलं असतं. काहीतरी उरलं खरं, पण त्याच्यावर विसंबता येत नाही.

अवांतर: डिआब्लो याच घराण्यातला. मोरिया आणि अँगबँड हे जुने रोगलाइक त्याचे पूर्वज, आणि तो सुरुवातीला टर्न-बेस्डच होता. डेव्हिड ब्रेविक यांनी घड्याळ मोकळं करून बघितलं, ते काम काही तासांत झालं, आणि १९९६ संपता संपता एक नवा पोटप्रकार बाजारात आला. डिआब्लो २ (२०००) च्या हार्डकोअर मोडमध्ये मृत्यू पुन्हा कायमचा झाला, पण त्याने तो परत रोगलाइक होत नाही. अनोळखी वस्तू ओळखायला तिथे खिशात गुंडाळी असते, जोखीम नाही. खिळा निघालेला तो निघालेलाच.

---

अर्धाकप

दंडवत. 'रुंदी-उंची' उचलतो.

---

रडतराऊत

सोल्सलाइकवर थोडक्यात. 'अवघड' म्हणजे सोल्सलाइक नव्हे. डीमन्स सोल्स (२००९) आणि डार्क सोल्स (२०११) यांची सांगड तीन गोष्टींची आहे. लेव्हलचं चलन आणि खरेदीचं चलन एकच, मेलात की ते जागेवर सांडतं, आणि परत घ्यायला एकच संधी. डार्क सोल्समध्ये विसाव्याच्या जागी बसलं की औषध भरतं आणि मारलेले शत्रूही उठतात. प्रत्येक वार आणि प्रत्येक लोळण एकाच दमातून जाते. नुसतं प्रेताकडे धावत जाणं जुनंच आहे, डिआब्लो २ मध्ये अंगावरचं सामान प्रेतावरच राहायचं.

हॉलो नाइट (२०१७) मध्ये पैसे सांडतात, बाकावर बसून बरं होता येतं, पण लेव्हल आणि स्टॅट नाहीत. मेट्रॉइडव्हेनिया (नव्या क्षमता मिळवून नकाशाच्या बंद वाटा उघडायचा प्रकार) म्हणा. सेकिरो (२०१९) मध्ये मेल्यावर निम्मे पैसे आणि चालू टप्प्यातला निम्मा अनुभव जातो, परत आणायची सोयच नाही, आणि ताकद-चपळता वाटून घेणंही नाही. एकाच स्टुडिओचा म्हणून त्याच बरणीत टाकतात.

हात की आकडा? दोन्ही, पण आकडा हाताच्या वाटेत उभा राहतो. डार्क सोल्समध्ये अंगावरचं वजन क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर लोळण चपळ, ५० पर्यंत मध्यम, त्यावर गेलात की पोतं पडल्यासारखी. नवखे जाड चिलखत चढवतात, लोळण जड होते, आणि 'बटण उशिरा लागतं' म्हणतात. बटण बरोबर आहे, चिलखत काढा. तसंच झ्वायहँडर तलवारीला ताकद २४ लागते, पण दोन्ही हातांनी धरलं की ताकद दीडपट धरतात, म्हणजे १६ पुरते. आठ लेव्हल वाचल्या.

---

मॅप_काढणारी

दोन पोटप्रकार राहिले म्हणून लिहिते.

ब्लॉबर: अख्खी पार्टी एका चौकटीत, एकाच नजरेतून, गोळा होऊन चालते. विझर्ड्रीत २० × २० चौकटींचे दहा मजले, सहा पात्रं, आणि मुठीएवढ्या अंतरावरून लढणारी फक्त पुढची तीन. आलेखकागद जवळ हवाच, कारण काही चौकटी न सांगता तुमचं तोंड फिरवतात. तसा संशय आला की जमिनीवर खुणेची वस्तू टाकायची सोय नाही, जागा सांगणारी जादू वापरायची. एट्रियन ओडिसीने (२००७) कागदाचं काम निंटेंडो डीएसच्या खालच्या पडद्यावर आणलं. डंजन मास्टर (१९८७) मात्र दिसायला असाच असून घड्याळ चालू. तिथे २ × २ च्या मोकळ्या जागेत बाजूला सरका, वळा, मारा, पुन्हा सरका, असं नाचत राहिलं की राक्षसाचे वार रिकाम्या चौकटीत पडतात. ग्रिड आहे म्हणून आकडाच वरचढ असं समजू नका.

टॅक्टिकल आरपीजी: जपानात यालाच 'सिम्युलेशन आरपीजी' म्हणतात, त्यामुळे जपानी दुकानात 'सिम्युलेशन' शोधलं तर शेतीच्या खेळांशेजारी फायर एम्ब्लेम सापडतो. नुसती स्ट्रॅटेजी आणि टॅक्टिकल आरपीजी यांच्यातली रेघ धाग्यातल्या शेवटच्या प्रश्नाने पडते. एक्सकॉम (२०१२) मध्ये सैनिक मेला की नवा भरती करता येतो, त्याला कुठलंही नाव द्या. फायर एम्ब्लेममध्ये मेलेल्या माणसाची गोष्ट, संवाद आणि त्याची वाढ सगळं गेलं. तरी एक्सकॉमचे सैनिक बढती घेऊन निराळे घडतात, म्हणून मी त्याला सीमेवर ठेवते.

वार लागण्याच्या टक्केवारीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. द बाइंडिंग ब्लेडपासून (२००२) गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या फायर एम्ब्लेममध्ये ० ते ९९ मधल्या दोन आकड्यांची सरासरी काढतात, ती दाखवलेल्या आकड्याखाली आली तर वार लागतो. पडद्यावर ७५ दिसत असेल तर खरी शक्यता ८७.७५, आणि २५ दिसत असेल तर १२.७५. खेळाडूला 'बरोबर' वाटावं म्हणून आकडा वाकवलेला. इथून एक्सकॉमकडे गेलेला माणूस ७५ वर तीनदा चुकला की शिव्या घालतो.

---

मधली_सुट्टी

वाचतोय. पुण्यात बनलेल्या 'राजी'ला (२०२०) एका यादीत 'अ‍ॅक्शन आरपीजी' लिहिलेलं बघितलं. बरोबर आहे का? आणि डिस्को एलिझियममध्ये तर लढाईच नाही, मग तुमचे पहिले तीन प्रश्न कुठे लावायचे?

---

अर्धाकप

राजी अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर. दुर्गा, विष्णू वगैरेंकडून मिळालेल्या हत्यारांच्या शक्ती वाढवता येतात, पण वार हाताचा, नायिका ठरलेली, आणि पात्राचे स्वतःचे आकडे वाटून घेणं नाही. शक्तीचा वृक्ष दिसला की आरपीजी म्हणायची सवय लागलीय. आजकाल शक्तीचा वृक्ष क्रिकेटच्या खेळातही सापडेल.

डिस्को एलिझियम (२०१९) बद्दल: 'वार' हा शब्द माझाच चुकला, 'प्रयत्न' म्हणायला हवं होतं. चोवीस कौशल्यं, दोन फासे, बेरजेत कौशल्य मिळवून लक्ष्य गाठायचं. दोन्ही सहा आले तर काहीही असो यश, दोन्ही एक आले तर अपयश, म्हणून टक्केवारी ३ च्या खाली आणि ९७ च्या वर जात नाही. पांढरी चाचणी हुकली तर कौशल्य वाढवून परत करता येते, लाल एकदाच. म्हणजे 'मेल्यावर काय उरतं?' या प्रश्नाचं उत्तर इथे लाल चाचण्या देतात: हुकलं ते हुकलं, आणि गोष्ट तिथून पुढे जाते. फासा पडायच्या आधी सेव्ह करून परत परत टाकणारे निम्मा खेळ स्वतःच पुसतात, कारण अपयशाच्या ओळी जास्त जमलेल्या आहेत.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) चे फासेही पडद्यावर उघडे दिसतात, पण सेटिंगमध्ये 'कार्मिक डाइस' मुळात चालू असतं. ते सलग वाईट दानं पडू देत नाही. शुद्ध फासा हवा असेल तर बंद करा. 'सीआरपीजी'तला 'सी' कॉम्प्युटरचा, पाटावरच्या खेळापासून वेगळं सांगायला आलेला. आता तोच खेळ सोफ्यावर कंट्रोलरने खेळतात आणि अक्षर तसंच राहिलंय.

---

मधली_सुट्टी

आभार. मग शेवटचं: व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सवर (२०२२) 'रोगलाइक' टॅग का?

---

गडकिल्ला

मोजून बघू. घड्याळ चालू, ग्रिड नाही, नकाशा दरवेळी तोच. बर्लिनच्या जड मुद्द्यांतले तीन तिथेच गेले. नशिबाचा भाग आहे तो लेव्हल वाढल्यावर समोर येणाऱ्या पर्यायांत आणि पेट्यांत. वार आपोआप होतात, तुम्ही फक्त चालता. आणि सोनं उरतं, त्यातून कायमच्या शक्ती विकत घेता येतात.

सोय अशी की त्या शक्ती परत करून सगळं सोनं वापस मिळतं. तेव्हा माझ्या चाचणीला कोरी सेव्ह करायची गरज नाही. सगळ्या परत करा, तेच पात्र, तोच नकाशा घेऊन एक रन (डाव) करा. मग पुन्हा विकत घेऊन दुसरी. पहिली दहाव्या मिनिटाला संपली आणि दुसरी तिसाव्यापर्यंत गेली तर मधली वीस मिनिटं सोन्याची.

---

रडतराऊत

आणि कंट्रोलर खाली ठेवला तर?

---

गडकिल्ला

सुरुवातीला मरता. पण बिल्ड जमलं की शेवटच्या मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवूनही जिंकता. अर्धाकप, तुमची चाचणी पहिल्या मिनिटाला एक उत्तर देते आणि पंचविसाव्या मिनिटाला दुसरं. कितव्या मिनिटाला ठेवायचा तेही लिहा.